यूसराची उजवी बाही

जुबेदाने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, खुर्चीतून उठली आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं.

“हे पाहा. इथं, मुंढ्यापाशी.”

“अवं, बाजूले हो! फ्री थ्रो हाय!” तिचा नवरा गफ्फार मागून ओरडला.

ती बाजूला होईपर्यंत यूसराचा चेंडू रिंगेला धडकून बाहेर आला होता. दुसराही तसाच गेला. पडद्यावरची सहा फूट एक इंच उंचीची मुलगी क्षणभर स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली, मग वळून परत धावायला लागली. गफ्फारने मांडीवर थाप मारली आणि वाघिणींच्या कोचबाईंच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केली. जुबेदा अजून काचेपाशीच उभी होती. खांदा जिथं बाहीला मिळतो तिथून एक तिरकी चुणी निघून थेट छातीपर्यंत गेली होती. बास्केटबॉलचे नियम तिला अजून अर्धेच कळत होते, पण कापडाला चुणी उगाच पडत नाही, एवढं तिला तीस वर्षांपासून कळत होतं.

वऱ्हाड वाघिणी त्या संध्याकाळी सलग चौथा सामना हरल्या.

दोन वर्षांपूर्वी रिसोडच्या त्या गल्लीत बास्केटबॉल कळणारं माणूस औषधालाही सापडलं नसतं. आता सोयाबीनच्या मोंढ्यातले हमालही पोत्यावर टेकून ‘रिबाउंड कमी पडून राह्यले’ म्हणत माना हलवायचे. हे सगळं समोरच्या घरातल्या यूसरामुळं. पोरगी नववीतच दाराच्या चौकटीला डोकं लावायला लागली, तेव्हा तिच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि शाळेतल्या सपना मॅडमना मात्र आकाश ठेंगणं झालं होतं. मॅडमनी तिच्या हातात चेंडू दिला. पुढं नागपूरच्या वाघिणींनी तिला करार दिला. दहा संघांची लीग, वरचे चार पुढं जाणार, आणि सात नंबरच्या पिवळ्या जर्सीत आपली यूसरा.

त्या जर्सीच्या आत जे होतं ते जुबेदाचं.

त्याचं असं झालं होतं की शाळेतल्या यूसराची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा बिनबाह्यांचा बनियन आणि अर्धी चड्डी पाहून घरात बैठक बसली. मोठी माणसं बोलत राहिली, चहा दोनदा झाला. जुबेदा पडद्याआडून ऐकत होती. ती गुपचूप घरी गेली, मशीनवर बसली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताणाच्या काळ्या कापडाचा मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा आणि घोट्यापर्यंतची विजार त्या बैठकीत आणून ठेवली. “याच्यावरून पोरगी बनियन घालीन. आता बोला,” ती म्हणाली. बोलायला कुणाकडं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून गल्लीत त्या कपड्यांचं नाव पडलं ‘यूसराचं अस्तर’. मोठ्या कंपन्या असलं काही तयार विकतात, पण यूसराच्या हातात त्यांच्या बाह्या मनगटाआधी चार बोटं संपतात. त्यामुळं व्यावसायिक संघात गेल्यावरही अस्तर रिसोडचंच राहिलं, आणि कुणी माइक पुढं धरला की जुबेदाला मावशी मानणारी यूसरा न चुकता सांगायची, “हे माझ्या खालानं शिवलं.”

जुबेदा स्वतः अकोल्याच्या पलीकडं कधी गेली नव्हती. तिची शिवण मात्र गुवाहाटीत धावून आली होती, कोचीत घाम गाळून आली होती. ब्लाउज शिवला की तो लग्नात मिरवतो आणि कपाटात जातो. ही शिलाई हजारो लोकांसमोर उड्या मारते. या एका गोष्टीसाठी जुबेदा रोज नमाजनंतर अल्लाचे आभार मानायची, नाव घेऊन, यूसराचं आणि वाघिणींचंही. संघ जिंकला तर मानायचीच, पण हरला तरी मानायची. गफ्फारचं तसं नव्हतं. तो मापारी होता, उभं आयुष्य मोंढ्यात धान्य तोलण्यात गेलेलं. तराजूचं पारडं जिकडं झुकेल तिकडं त्याचा जीव झुकायचा. सामना अटीतटीचा झाला की शेवटची दोन मिनिटं त्याला पाहवत नसत. तो बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा आणि तिथून विचारायचा, “काय झालं?”

आज मात्र विचारायला उशीर लागला नाही. सामना केव्हाच हातचा गेला होता.

“या कोचले हाकलाले पाह्यजे,” तो ताटावर बसतानाही म्हणत होता. “पहिल्या आठ म्याचमंदी सहा जिंकलो. मंग सहामंदी पाच हरलो. पोरी त्याच हायत ना?”

“पोरी त्याच हायत,” जुबेदाने भाकरी वाढली. “कपडे बदलले.”

“म्हंजे?”

ती परत चुलीपाशी बसली. “यूसरा डिसेंबरात गल्लीतल्या लग्नाले आल्ती, तवा तीन नवे अस्तर शिवून देल्ले मी. मनगटाले हिरवी पट्टी हाय त्याच्या. हैदराबादच्या म्याचले पहिल्यांदा घातलं तिनं. तथूनच हरून राह्यलो आपन.”

“त्या म्याचले त पडली बी होती ती. आठवते? धाडकन. अन् टाळ्या वाजवत उठली, वाघीन!” गफ्फारची छाती तेवढ्यापुरती फुगली.

“माझं आयका ना. तवा घरात अठरा ब्लाउज पडले होते. पोरगी हळदीत नाचत होती, हाती लागेना. मी मापच नाई घेतलं. जुन्या कागदावरून कापलं. म्हटलं, तीच पोरगी, तेच खांदे.” तिनं तवा खाली उतरवला. “मुंढा तंग झाला. तिचा हात वर जात नाई. कोचची चूक नाई त्याच्यात. माझी हाय.”

गफ्फार आधी हसला. मग त्याचा घास हातातच राहिला.

“थांब जरा. मी त साऱ्या मोंढ्यात त्या बाईले शिव्या देल्या. त्याचं काय मंग?”

जुबेदाच्या धंद्यात एकच नियम होता. अंगावर माप घेतल्याशिवाय कैची चालवायची नाही. तिच्या सासूनं मशीन हवाली करताना तो घालून दिला होता, आणि तीस वर्षांत तो एकदाच मोडला. दुसऱ्या दिवशी तिनं गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारले. सपना मॅडम ब्लाउजचं विचारायला आल्या, तर जुबेदा जमिनीवर काळं कापड पसरून बसलेली.

“वाघिणी पाचव्या नंबरवर गेल्या,” मॅडम म्हणाल्या. “अजून तीन जिंकल्या तर चौथ्या येतील. तुम्ही काय करून राह्यल्या, जुबेदाबी?”

“चौबगला लावून राह्यली.” तिनं काखेत जोडायचा तो चौकोनी तुकडा दाखवला. “याच्यानं हात कसाबी फिरवला तरी कापड ओढत नाई. पहिलेच लावाले पाह्यजे होता.”

“फोन करून माप मागवून घ्या ना.”

“नाई मॅडम. एकदा अंगावर न घेता चुकली. आता जाऊनच घेतो.”

यूसराला फोन केला तर ती अडखळली. “खाला, एवढ्या दूर कायले येता? कुरियरनं पाठवा ना. नाई त राहू द्या, चालून राह्यलं.” पण जुबेदानं लांब टाके घालून अस्तर कच्चं जोडून ठेवलं होतं. माप घेऊन तिथंच पक्कं करायचं म्हणून तिनं सुई, दोरा, टेप आणि कैची डब्यात भरली. गफ्फारनं तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेतली. पहाटेच्या नागपूर एसटीत खिडकीपाशी बसून तिनं किन्हीराजा गाव मागं जाताना पाहिलं, धनज मागं जाताना पाहिलं, आणि त्यापुढचं सगळं पहिल्यांदाच पाहिलं.

सरावाचा हॉल बाहेरून धान्याच्या गोदामासारखा होता, पत्र्याचा आणि उंच. आतून चेंडूंचा धप धप आवाज येत होता. यूसरा दारात आली आणि वाकून खालाच्या गळ्यात पडली, पण एकाच हातानं. जुबेदाच्या ते लक्षात आलं नाही. मुंढा तिच्या डोक्यात इतका बसला होता की दुसरं काही आत शिरायला जागाच नव्हती.

मुलींच्या खोलीत तिनं दार लावलं आणि गळ्यातली टेप काढली. छाती घेतली, खांदा घेतला, बाहीची लांबी घेतली. आकडे गेल्या वर्षीचेच. तिला थोडं नवल वाटलं.

“हात वर कर आता. दोनी.”

डावा हात सरळ छताकडं गेला. उजवा कानापर्यंत आला आणि थांबला. यूसरानं ओठ आत घेतला. हात तिथंच थरथरला आणि खाली आला.

यूसराच्या अंगात एक ढगळ टी-शर्ट होता. त्याचा मुंढा कोपरापर्यंत लोंबत होता. ओढायला तिथं काही नव्हतंच.

तिनं टेप हळूच गळ्यात परत टाकली.

“हैदराबादले पडली, तवापासून?”

यूसरानं मान हलवली.

“कोनाले मालूम हाय?”

“कोनालेच नाई.”

“अन् कोच? त्यायले दिसत नाई?”

यूसरा फरशीकडं पाहत राहिली. सहा फूट एक इंचाची मुलगी एकदम लहान दिसायला लागली. “त्यायनं विचारलं होतं, खाला. डॉक्टरनं बी विचारलं. मी म्हटलं… बाही ओढते. नवी शिवली हाय, टाइट हाय म्हटलं.”

बाहेर चेंडू आपटत होते.

जुबेदाच्या कानशिलांत रक्त चढलं. तीस वर्षांत तिच्या दारात कुणी ‘घट्ट झालं’ म्हणून कपडा परत आणला नव्हता. ती चुणी दिसल्यापासून ती सुखानं जेवली नव्हती. आणि इथं नागपुरात, परक्या लोकांसमोर, तिच्या शिवणीवर खापर फोडून ही पोरगी मोकळी झाली होती. बोलायला तिनं तोंड उघडलं. पण समोर यूसरानं उजवा दंड डाव्या हातात असा धरला होता की जुबेदाला ती पाच वर्षांची असतानाची आठवली. अम्मी मारायला धावली की ही येऊन मशीनमागं बसायची, टांगलेल्या कपड्यांत तोंड खुपसून, आणि वाटायचं हिला की आपण कुणालाच दिसत नाही. आजही लपायला तिला जुबेदाचीच बाही सापडली होती. आलेला राग कुठं गेला ते जुबेदाला कळलं नाही. तिला उलट बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

“खाला, नोका सांगू कोनाले. मले बसवतीन. आता बसली त पुढच्या साली कोन घेईन मले? अन् संघाचं काय होईन? तीन म्याच जिंकाच्या हायत.”

जुबेदा खाली बसली. सुईत दोरा ओवला आणि चौबगल्याचे कच्चे टाके पक्के करायला लागली. अर्धा तास ती मान खाली घालून शिवत होती. मग तिनं दोरा दातानं तोडला आणि यूसराला समोर उभं केलं. आधी दुखरा हात घातला, मग डोकं, मग चांगला हात. पाठीवरून तळवा फिरवला. कुठंही चुणी नव्हती.

“हलव. पुढं घे. मागं घे. ओढते का?”

“नाई.”

“कुठंच?”

“कुठंच नाई, खाला.”

“मी कोनाले काई सांगनार नाई. मी टेलर हाय, डॉक्टर नाई.” तिनं बाहीचं टोक मनगटावर नीट बसवलं. “पन ही बाही आता ओढत नाई. उद्या कोनी विचारलं त बाहीचं नाव तुले घेता येनार नाई. मंग काय सांगशीन ते तू पाह्य.”

यूसराचे डोळे भरून आले. जुबेदानं टेप गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण दोनदा दाबलं.

बाहेर गफ्फार त्या कोचबाईंसमोर उभा होता. साऱ्या मोंढ्यात ज्यांना हाकलून लावून झालं होतं, त्या बाई अगदी लहानखुऱ्या, गळ्यात शिट्टी, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. गफ्फारनं त्यांच्या हातात तुरीच्या शेंगांची पिशवी दिली होती आणि अगदी अदबीनं म्हणत होता, “मॅडम, मेहनत दिसून राह्यली तुमची. मेहनत दिसते.”

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, “काय झालं? मुंढाच होता ना?”

“बाही बरोबर बसली,” जुबेदा म्हणाली. शब्द दिला होता, म्हणून तिनं त्यापुढं काही सांगितलं नाही, आणि गफ्फार कोचबाईंच्या साधेपणाबद्दल वाशिमच्या फाट्यापर्यंत बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी सामना होता. पाच जणी मैदानात उतरल्या आणि त्यांत सात नंबर नव्हता. गफ्फार ताडकन उठला. बाकावर यूसरा बसली होती आणि तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्यावरून कुणाचं तरी जाकीट नुसतं टाकलेलं. जुबेदानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. “शुकर हाय,” ती म्हणाली. “अल्ला, शुकर हाय.”

“शुकर कायचं? यूसरा बसली!”

“बसू द्या. हात त राहीन ना जाग्यावर.”

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. वाघिणी तो सामना हरल्या, आणि त्या रात्री गफ्फारनं कुणालाही शिव्या दिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी यूसराचा फोन आला.

“सांगितलं, खाला. मीच गेल्ती कोच मॅडमकडं. डॉक्टर म्हनते फाटलं नाई, पन आखीन दोन म्याच खेळली असती त फाटलं असतं. महिनाभर आराम. मॅडम लय रागावल्या. मंग म्हने, हात बरा झाला की तुयी जागा तुलेच हाय. आन खाला, मी सांगितलं त्यायले. बाही कधीच टाइट नव्हती म्हनून.”

जुबेदानं मशीनच्या चाकावर हात ठेवला आणि विचारलं, “मंग आता कपडे कसे घालतं?”

“तेच त! डोक्यातून काईच जात नाई. संघासोबत बसाले जर्सी त लागते. कैचीनं कापू का?”

“खबरदार कैची लावशीन त.”

त्या गल्लीत बाळ जन्मलं की त्याचं पहिलं झबलं जुबेदाच्या हातचं असायचं. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या ओढणीतून कापायचं, पुढून उघडं, आणि बटणांऐवजी बंद. बाळाच्या डोक्यातून काही ओढायचं नाही, त्याचा हात मुरगळायचा नाही. यूसराचं झबलं तिनं तिच्या नानीच्या आकाशी ओढणीतून शिवलं होतं. आता तिनं काळं कापड घेतलं, यूसरानं पाठवलेली पिवळी जर्सी घेतली, आणि दोन्ही उजव्या खांद्यापासून खालपर्यंत उघडून त्यांना जोडून बंद लावले. सहा बंद. प्रत्येकाच्या टोकाला दुमड घालून टाका.

गफ्फारनं ते हातात धरून उलटसुलट पाहिलं. “हे त झबलं झालं.”

“झबलंच हाय.”

“सहा फूट एक इंचाचं?”

“बाळ मोठं झालं, त मी काय करू?” जुबेदा म्हणाली आणि दोघंही हसत सुटली. हसता हसता तिनं पदराला डोळे पुसले.

पार्सल गेलं. फोनवर तिनं बजावून सांगितलं, की सुरगाठ मारायची, पक्की गाठ नाही, म्हणजे एका ओढीत सुटेल. यूसरा म्हणाली, एका हातानं गाठच बसत नाही खाला, पण पाहतो.

वाघिणींचं मधल्या काळात पुन्हा वर-खाली झालं. यूसराच्या जागी आलेली अकरा नंबरची पोरगी पहिल्या सामन्यात नुसती भांबावली होती. दुसऱ्यात तिनं बारा रिबाउंड घेतले आणि संघ जिंकला. तिसराही जिंकला. आता चौथ्या जागेसाठी एकच उरला होता. त्या संध्याकाळी जुबेदाच्या पुढच्या खोलीत सपना मॅडमही येऊन बसल्या. शेवटची दोन मिनिटं राहिली, दोन्ही संघ बरोबरीत, आणि गफ्फार उठून ओट्यावर गेला.

टाइम आउट झाला. मुली घाम पुसत बाकाभोवती जमल्या. कोचबाई फळीवर रेघा ओढून दाखवत होत्या. कॅमेरा एकेक चेहऱ्यावरून फिरत यूसरावर आला. काळ्या-पिवळ्या झबल्यात ती पुढं झुकून ओरडत होती, डावा हात हवेत. जुबेदाला मात्र खांद्याखालचा दुसरा बंद दिसला. तो सुटून लोंबत होता. तिची बोटं आपोआप पुढं झाली.

अकरा नंबरच्या पोरीलाही तो दिसला असावा. तिनं कोचबाईंवरची नजर न काढता पाण्याची बाटली काखेत दाबली, वाकली, आणि दोन्ही हातांनी बंद ओढून घेतला. एक फास, दुसरा फास. मग ओल्या बोटांनी तो सपाट केला, यूसराच्या दुखऱ्या खांद्याला धक्का न लागू देता, आणि शिट्टी वाजताच मैदानात पळाली.

“काय झालं?” बाहेरून गफ्फारचा आवाज आला. “अवं सांग ना! काय झालं?”

जुबेदानं चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

“सुरगाठ मारली,” ती म्हणाली.